डीन्स घराणे (रिकार्टन, न्यूझीलंड)

डीन्स घराणे : न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, कँटरबरीच्या मैदानात कायमची वस्ती करून शेती करणारे पहिले युरोपीय घराणे. स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यातून आलेले विल्यम (१८१७–५१) व जॉन (१८२०–५४) हे दोन सख्खे भाऊ त्याचे मूळपुरुष. क्राइस्टचर्च शहर वसण्याच्या सात वर्षे आधी, १८४३ मध्ये, त्यांनी आजच्या रिकार्टन उपनगराच्या जागी घर बांधले, गुरे आणली आणि नांगर धरला. घराण्याचा इतिहास नेहमी या दोघा भावांच्या नावाने सांगितला जातो. पण वस्तीला पुरती बारा वर्षे होण्याआधीच ते दोघेही ऐन तिशीत गेले. त्यानंतर जमीन, घर आणि घरामागचे रान सांभाळले ते जॉनची पत्नी जेन (१८२३–१९११) हिने. म्हणून या नोंदीत तिला मूळपुरुषांच्या बरोबरीची जागा दिली आहे.

स्कॉटलंडहून

भावांचे वडील किलमार्नॉकचे वकील. त्यांचे रिकार्टन गाव किलमार्नॉकला लागूनच आहे. एअरशरची ख्याती दुभत्या गाईंची आणि डनलॉप चीजची. पुढे कँटरबरीत भावांनी लोकरीच्या आधी दूधदुभत्यावर जम बसवला, त्याचे मूळ या मुलखात आहे.

त्या काळी लंडनमध्ये न्यूझीलंड कंपनी न पाहिलेली जमीन कागदावर विकत होती. एकरी १ पौंड असा भाव, आणि एका हक्कपत्रात गावातला १ एकर व गावाबाहेरचे १०० एकर. विल्यमने असा कागद घेतला आणि ‘ऑरोरा’ या जहाजाने तो २२ जानेवारी १८४० रोजी पोर्ट निकोल्सनला, म्हणजे आजच्या वेलिंग्टनला, उतरला. कंपनीने वसाहतीसाठी पाठवलेल्या कुटुंबांचे हे पहिलेच जहाज. ब्रिटिश सरकार आणि माओरी सरदार यांच्यातला वाइटांगीचा करार व्हायला तेव्हा दोन आठवडे अवकाश होता. बघावे तर किनाऱ्यालगत उभे डोंगर, त्यांवर घनदाट जंगल, जमिनीची मोजणी झालेली नाही आणि माओरी लोकांना, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना, ही विक्रीच मान्य नाही. धाकटा जॉन १८४२ च्या ऑक्टोबरात नेल्सनला आला. तिथल्या जमिनीनेही त्याचे समाधान झाले नाही.

विल्यमच्या मनात दक्षिणेचे मैदान भरले होते. पर्वतांपासून समुद्रापर्यंत सपाट गवत, मधूनमधून दलदल आणि झाड म्हणावे तर क्वचित. वेलिंग्टनच्या कित्येकांना असे उघडे रान शेतीच्या कामाचे वाटेना. शिवाय १८४० मध्ये सिडनीच्या एका व्यापारी पेढीने तिथे माणसे पाठवून पीक घेऊन पाहिले होते. उंदरांनी नासधूस केली, बाजार दूर पडला आणि ती माणसे परत गेली. विल्यमने नेमकी तीच जागा निवडली, कारण तिथे वाहते पाणी होते आणि इमारतीच्या लाकडाचे रान होते.

पुटारिंगामोटू

फेब्रुवारी १८४३ मध्ये विल्यम एका लहान गलबताने बँक्स द्वीपकल्पात आला. बरोबर गेबी आणि मॅन्सन ही दोन स्कॉटिश कुटुंबे होती. ती डीन्स बंधूंकडे करारावर कामाला होती. बायकामुलांना पोर्ट लेव्हीच्या खाडीत ठेवून पुरुष मंडळी होडीने नदीतून आत निघाली. मध्येच पाणी उथळ झाले आणि होडी टेकली. चुलाण्यासाठी आणलेल्या विटा तिथेच काठावर उतरवल्या आणि पुढचा प्रवास डोणीतून झाला. त्या जागेला पुढे ‘द ब्रिक्स’ हेच नाव पडले. आज ती भर शहरात आहे आणि तिथे स्मारक उभारलेले आहे.

त्यांना गाठायचे होते ते रान म्हणजे पुटारिंगामोटू. या माओरी नावाचे अर्थ दोन सांगतात : प्रतिध्वनीची जागा, किंवा तुटलेला कान. दुसरा अर्थ समजायला सोपा आहे, कारण मोठ्या जंगलापासून तुटून मैदानात एकटेच उरलेले हे रान होते.

सॅम्युएल मॅन्सन सुतारकामात तरबेज होता. घर बांधायला घेतले तेव्हा लक्षात आले की खिळे मागेच राहिले आहेत. मग त्याने लाकडी खुंट्या तासल्या आणि त्यांवर फळ्या जोडल्या. लांबट घर, आत तीन खोल्या : एक गेबींची, एक मॅन्सनांची, एक डीन्स भावांची. मालक आणि गडी एका छपराखाली राहिले. मे महिन्यात पोर्ट लेव्हीहून बायकामुले आली. त्यानंतर त्याच वर्षी मॅन्सनने बांधलेले दुसरे लहान घर ‘डीन्स कॉटेज’ म्हणून आजही उभे आहे. कँटरबरीच्या मैदानातली ही सर्वांत जुनी वास्तू.

जॉन याच वेळी ऑस्ट्रेलियातून गाई, मेंढ्या आणि घोड्या विकत घेऊन वर्षाच्या मध्याला परतला. दोन-तीन वर्षांतच इथले चीज बाहेरच्या बाजारात जाऊ लागले. गेबी व मॅन्सन करार संपल्यावर लिटलटन खाडीच्या टोकाशी स्वतःची शेती करायला गेले. तिकडच्या घाटाला आजही ‘गेबीज पास’ म्हणतात. पहिल्या वसाहतकारांच्या यादीत ही दोन नावे मालकांच्या नावांखाली दबून जातात, ते बरे नाही. पहिल्या हिवाळ्यात ज्या भिंतींनी सगळ्यांना तारले, त्या मॅन्सनच्या हातच्या होत्या.

शेजार विरळ होता. बँक्स द्वीपकल्पावर अकारोआला १८४० पासून फ्रेंच वस्ती होती, आणि तिथेच पिजन बे या खाडीवर ‘हे’ (Hay) व सिंक्लेअर या आडनावांची दोन स्कॉटिश कुटुंबे १८४३ मध्येच आली. सिंक्लेअर कुटुंबाचा कर्ता १८४६ मध्ये समुद्रात बुडून गेला. त्याच्या विधवेने पुढे गोतावळ्यासह हवाई गाठले आणि १८६४ मध्ये निइहाऊ हे अख्खे बेट विकत घेतले.

भावांनी नव्या जागेला गावचे नाव दिले, रिकार्टन. शेजारून वाहणाऱ्या नदीला ‘एव्हन’ म्हणतात, ते नावही त्यांच्याच सांगण्यावरून पडले. अनेकांना वाटते की ही शेक्सपिअरच्या गावची एव्हन. खरे तर ती स्कॉटलंडमधली, आजोबांच्या शेताजवळ उगम पावून क्लाइडला मिळणारी एव्हन. त्याआधी नदीला नाव नव्हते असेही नाही. दक्षिण बेटावरचे नाई टाहू हे माओरी लोक तिला ओटाकारो म्हणत, आणि ते नाव आता पुन्हा सरकारी पाट्यांवर आले आहे.

जमीन कोणाची

भावांनी डिसेंबर १८४६ मध्ये नाई टाहू लोकांकडून ही जमीन रीतसर खंडाने घेतली. मुदत २१ वर्षे, खंड वर्षाला ८ पौंड. रक्कम आज क्षुल्लक वाटते. पण जमीन कोणाच्या मालकीची आहे हे या कागदाने मान्य केले होते. ही मान्यता दीडच वर्ष टिकली. जून १८४८ मध्ये सरकारतर्फे हेन्री केंप याने दक्षिण बेटाचा प्रचंड पट्टा नाई टाहूंकडून २,००० पौंडांत लिहून घेतला. राखीव जमिनी आणि अन्न मिळवण्याच्या जागा त्यांच्याकडेच ठेवण्याचे आश्वासन दिले गेले, ते पाळले गेले नाही. नाई टाहूंनी ही तक्रार दीडशे वर्षे लावून धरली. १९९८ च्या कायद्याने राणीच्या सरकारने माफी मागितली आणि भरपाई दिली. डीन्स घराण्याची जमीन या इतिहासाबाहेर ठेवता येत नाही.

खरेदीनंतर मैदान कँटरबरी असोसिएशनच्या हाती आले. नवी वसाहत वसवणारी ही संस्था इंग्लंडच्या चर्चच्या अनुयायांची, डीन्स बंधू स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे दुसऱ्या ख्रिस्ती पंथाचे. आधीपासून राहणाऱ्यांचे काय करायचे, यावरून बरीच पत्रापत्री आणि ओढाताण झाली. अखेर जुन्या हक्कपत्रांच्या बदल्यात रिकार्टनचे ४०० एकर भावांकडे राहिले, आणि चराईसाठी मॅल्व्हर्न टेकड्यांच्या पायथ्याशी होमबुश हे सुमारे ३३ हजार एकरांचे कुरण मिळाले. डिसेंबर १८५० मध्ये असोसिएशनची पहिली चार जहाजे लिटलटन बंदराला लागली. नव्याने आलेल्यांना मैदानात तयार शेत, फळझाडे आणि दुभती गुरे दिसली. इथे शेती होते की नाही, हा प्रश्न त्यांच्यापुरता सुटलेला होता.

जुलै १८५१ मध्ये विल्यम मेंढ्या खरेदीसाठी सिडनीला निघाला. ‘मारिया’ जहाज वेलिंग्टनजवळ खडकावर आदळले आणि तो बुडाला.

जेन

जेन मॅकिलरेथ एअरशरच्याच बॅलंट्रेजवळची, शेतकरी घरातली. जॉन १८५२ मध्ये मायदेशी गेला, सप्टेंबरात त्यांचे लग्न झाले आणि फेब्रुवारी १८५३ मध्ये दोघे लिटलटनला उतरले. ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचेही नाव जॉन. जून १८५४ मध्ये थोरला जॉन क्षयाने गेला. मूल अकरा महिन्यांचेही नव्हते आणि जेन एकतीस वर्षांची होती. नव्या देशात येऊन तिला दीड वर्षही झाले नव्हते.

मरताना जॉनने घरामागचे रान राखायला सांगितले, असे घराण्यात सांगत आले आहेत. त्या वेळी हे मागणे सोपे नव्हते. मैदानात लाकडाचा दुष्काळ होता, शहर उभे राहत होते आणि या रानाचा मोठा भाग त्यासाठी पडलाही होता. उरलेले उभे लाकूड म्हणजे रोख पैसा. परत माहेरी जायला तिला कोणी दोष दिला नसता. जेन राहिली. विश्वस्त आणि कारभारी यांच्या साहाय्याने तिने शेत मुलाच्या नावाने सांभाळले. होमबुशचा कारभार पुढे तिचा भाऊ जेम्स मॅकिलरेथ पाहू लागला. १८५६ मध्ये रिकार्टन हाउसचा पहिला भाग बांधून झाला आणि ती कॉटेजमधून तिथे राहायला गेली. शहरातली प्रेस्बिटेरियन मंडळी उभी करण्यातही तिचा वाटा मोठा होता.

मुलगा एकवीस वर्षांचा झाला त्या १८७४ साली घर वाढवले गेले आणि मालमत्ता त्याच्या हाती आली. दुसऱ्या जॉनने १८७९ मध्ये कॅथरीन पार्क हिच्याशी लग्न केले. त्यांना बारा मुले झाली, म्हणून १९०० मध्ये घराला आणखी एक भाग जोडावा लागला. होमबुशला मेंढ्यांबरोबर कोळसा आणि विटांचा धंदाही चालला. दुसरा जॉनही १९०२ मध्ये वारला. जेनने नवरा पुरला आणि एकुलता एक मुलगाही. तिने नातवंडांसाठी पत्ररूपाने लिहिलेल्या आठवणी पहिल्या दिवसांची मोलाची साक्ष आहेत. जवळजवळ सत्तावन्न वर्षांचे वैधव्य काढून १९११ मध्ये ती रिकार्टनलाच गेली.

पुढील पिढ्या

जेनचा नातू बॉब डीन्स (१८८४–१९०८) न्यूझीलंडच्या रग्बीतले न मिटलेले नाव आहे. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफला वेल्सविरुद्ध त्याने चेंडू रेषेपलीकडे टेकवला की नाही, यावर शंभर वर्षांनंतरही वाद होतो. पंचांनी गुण दिला नाही, वेल्सने सामना ३–० ने जिंकला आणि ब्रिटनच्या त्या दौऱ्यातला न्यूझीलंडचा तो एकमेव पराभव ठरला. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर बॉब चोविसाव्या वर्षी गेला. ऑस्ट्रेलियाच्या संघाचा माजी प्रशिक्षक रॉबी डीन्स याच घराण्यातला, तसेच कँटरबरीच्या डोंगरांचा चित्रकार ऑस्टेन डीन्स (१९१५–२०११) हाही. शेतजमिनीचे तुकडे होत गेले आणि त्यांवर उपनगर चढले. हॅगली पार्कच्या कडेचा रस्ता आज ‘डीन्स अव्हेन्यू’ म्हणून ओळखला जातो.

रान

घराण्याने १९१४ मध्ये उरलेले रान कँटरबरीच्या जनतेला दिले. ते नैसर्गिक स्थितीत राखावे, अशी अट होती आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. घर आणि भोवतालची जागा १९४७ मध्ये सार्वजनिक झाली. आज ७.८ हेक्टरांचे हे रान म्हणजे कँटरबरीच्या मैदानात शिल्लक असलेले कहिकाटेआ वृक्षांचे, नदीच्या पूरभूमीवरचे एकमेव जंगल आहे. कहिकाटेआ हा न्यूझीलंडचा सर्वांत उंच देशी वृक्ष. इथली काही झाडे सहाशे वर्षांपर्यंतची आहेत. त्याच्या लाकडाला वास नसतो, म्हणून लोण्याच्या निर्यातीसाठी खोकी करायला देशभर ते तोडले गेले. दूधदुभत्यावर उभ्या राहिलेल्या एका घराण्याने आपल्याकडचे कहिकाटेआ मात्र उभे ठेवले. २००० साली उंदीर, पोसम आणि मांजरे आत येऊ नयेत म्हणून रानाभोवती खास कुंपण घातले गेले.

४ सप्टेंबर २०१० च्या भूकंपात होमबुशचा विटांचा वाडा इतका खचला की तो पाडावा लागला. रिकार्टन हाउसचेही नुकसान झाले, पण लाकडी घर दुरुस्त होऊन २०१४ मध्ये पुन्हा उघडले. शेजारी मॅन्सनने बांधलेले कॉटेज आहे, आणि त्याच आवारात दर शनिवारी शेतकऱ्यांचा बाजार भरतो.