हरणामागे धावायला कुत्रा किती मोठा हवा?

इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्ट नावाचं जुनं राजवन आहे. तिथल्या लिंडहर्स्ट गावात, जंगलातले हक्क आणि कज्जे पाहणाऱ्या व्हर्डरर मंडळींच्या सभागृहात, एक लोखंडी रिकीब जपून ठेवली आहे. या रिकिबीतून जो कुत्रा पार निघेल तो सुटला, जो अडकेल त्याचा पुढचा पंजा छाटायचा, अशी तिची गोष्ट सांगतात. रिकीब बहुधा ट्यूडर राजांच्या काळातली आहे, पण पंजा छाटायचा नियम त्याहून कितीतरी जुना. 1217 च्या वनसनदेत तो आहे: दर तीन वर्षांनी तपासणी करायची, पुढच्या पंजाची तीन नखं मुळापासून तोडायची, पंजाखालच्या मऊ गादीला मात्र हात लावायचा नाही. मालकाने हे टाळलं तर तीन शिलिंग दंड. राजाची हरणं पळवेल एवढा कुत्रा रयतेच्या दारात असू नये, म्हणून हा सगळा खटाटोप.

कुत्र्याचं माप आणि हरीण यांचा संबंध माणसाने असा आठशे वर्षांपूर्वीच कायद्यात बसवला. पण रिकिबीला फक्त एवढंच कळतं की लहान कुत्रा हरणाला धोका नाही. मोठा म्हणजे किती मोठा, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर मला फार आवडतं, कारण ते अंदाजाच्या अगदी उलट निघतं.

हरणांच्या शिकारीशी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये ज्याचं नाव कायमचं जोडलं गेलं तो कुत्रा म्हणजे लर्चर. ही जात नव्हे, हा संकर आहे. एका बाजूला वासावर नव्हे तर नजरेवर शिकार करणारा ग्रेहाउंड, डीअरहाउंड, सालुकी किंवा व्हिपेट, आणि दुसऱ्या बाजूला कामाचा कुत्रा: मेंढ्या राखणारा कोली, नाहीतर बेडलिंग्टनसारखा टेरिअर. दोन्ही बाजू धावऱ्या असल्या तर त्या पिल्लाला लाँगडॉग म्हणतात. भटक्या जमातींचा, शेतमजुरांचा, रात्री चोरून शिकार करणाऱ्यांचा हा कुत्रा. त्याची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही, पण निवड फार कडक झाली. जो कामाचा, त्याचीच पिल्लं ठेवली गेली.

आता हरणाकडे बघू. मराठीत आपण चितळालाही हरीण म्हणतो आणि काळविटालाही, जरी काळवीट कुरंग (अँटिलोप) आहे आणि त्याची शिंगं कधी गळत नाहीत. ब्रिटनमध्ये रानटी कुरंग नाहीत, तिथे हरणांच्याच सहा जाती आहेत. त्यांच्या वजनातलं अंतर बघा. आपल्या भेकराचा चुलतभाऊ मुंटजॅक 10 ते 18 किलोचा. रो हरीण फार तर 25 किलोचं. फॅलोचा नर 50 ते 90 किलोच्या घरात. आणि रेड हरणाचा नर 90 पासून 190 किलोपर्यंत. या सगळ्यांना एकच कुत्रा कसा पुरेल? जुन्या जाणत्यांचं माप तरीही एका अरुंद पट्ट्यातच फिरतं: खांद्याशी 24 ते 28 इंच, म्हणजे 61 ते 71 सेंटिमीटर. रो आणि मुंटजॅकसाठी त्यातला लहान, फॅलोसाठी मोठा. वजन साधारण 25 ते 35 किलो. हरीण दहापट मोठं झालं तरी कुत्रा जेमतेम चार इंचांनी वाढतो. त्याच्यापुढे का वाढत नाही?

पहिलं कारण गॅलिलिओने 1638 मध्येच हाडांच्या बाबतीत सांगून ठेवलं आहे. कुत्र्याची ठेवण तीच राखून उंची दीडपट केली, तर स्नायूचा आडवा छेद सव्वादोन पट होतो आणि ताकद साधारण त्याच प्रमाणात वाढते. वजन मात्र जवळजवळ साडेतीन पट होतं. म्हणजे दर किलोमागे ताकद घटते. सरळ रेषेत खूप वेळ धावायला मिळालं तर मोठं जनावर लांब ढांगेने ही तूट भरून काढेल. पण वेग पकडायलाच वेळ लागतो, आणि त्या वेळेत प्राणवायूशिवाय चालणारी स्नायूंची तात्पुरती शिदोरी संपते. 2017 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी शेकडो प्राण्यांचे वेग मांडून दाखवलं की वजनाबरोबर वेग एका टप्प्यापर्यंतच वाढतो, मग उतरतो. जमिनीवरचा सर्वांत वेगवान चित्ता पन्नासेक किलोचा आहे, हत्तीएवढा नाही, याचं कारण हेच.

ग्रेहाउंडचं अंग या मर्यादेच्या आत राहून जास्तीत जास्त वसूल करतं. त्याची चौखूर धाव सावकाश केलेल्या चित्रफितीत एकदा जरूर पाहा. एका ढांगेत तो दोनदा हवेत असतो. एकदा पाठीची कमान होते, मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येतात आणि चारही पाय पोटाखाली गोळा होतात. पुढच्या क्षणी तीच पाठ सरळ होते, पाय पुढेमागे ताणले जातात आणि पोट जमिनीला समांतर तरंगतं. घोडा एका ढांगेत एकदाच असा सुटतो. कुत्र्याची लवचीक पाठ हा जणू पाचवा पाय आहे. त्या पाठीखाली कोपरापर्यंत उतरलेली खोल छाती, आणि तिच्यात शरीराच्या मानाने इतर कुत्र्यांपेक्षा मोठं हृदय. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाणही जास्त: इतर कुत्र्यांत साधारण 37 ते 55 टक्के, ग्रेहाउंडमध्ये 50 ते 65.

खरी परीक्षा मात्र वळणावर होते, कारण हरीण सरळ पळत नाही.

जिम अशरवुड आणि अ‍ॅलन विल्सन या ब्रिटिश संशोधकांनी 2005 मध्ये ‘नेचर’मध्ये एक सुंदर निरीक्षण मांडलं. गोल ट्रॅकच्या वळणावर माणूस धावपटूचा वेग कमी होतो. ग्रेहाउंडचा होत नाही. तो पाय टेकवण्याची वेळही बदलत नाही, पायांवर 65 टक्के जास्त भार येतो तो मुकाट सोसतो. पण शर्यतीचं वळण मोठं असतं आणि ते आधीपासून ठाऊक असतं. शेतात वळण कधी आणि किती घ्यायचं हे हरीण ठरवतं. सेकंदाला 15 मीटर वेगाने धावणारा कुत्रा 10 मीटर त्रिज्येचं वळण घेतो, तेव्हा त्याच्या पंजांना त्याच्या वजनाच्या सव्वादोन पटीहून जास्त आडवी ओढ सोसावी लागते. हरणाने वेग 10 मीटरवर आणला तर आपल्या वजनाच्या मानाने तेवढीच ओढ सोसून ते साडेचार मीटरच्या फेऱ्यात वळतं. कुत्रा पुढे निघून जातो, हरीण काटकोनात कुंपण गाठतं. अ‍ॅलन विल्सन यांच्याच गटाने पुढे बोत्स्वानात चित्ते, सिंह, इम्पाला आणि झेब्रे यांच्या गळ्यात पट्टे बांधून हे मोजलं. 2018 च्या त्या अभ्यासात शिकारी जास्त वेगवान आणि जास्त ताकदीचे होते, तरी भक्ष्य बहुतेकदा सुटत होतं. कारण भक्ष्य पूर्ण वेगाने पळतच नाही. वळायला वाव राहील इतकाच वेग ठेवतं आणि अगदी शेवटच्या क्षणी दिशा बदलतं.

मोठ्या कुत्र्याला हाच डाव सगळ्यात महाग पडतो. 30 किलोऐवजी 45 किलोचा कुत्रा त्याच वेगात असेल तर थांबवायची ऊर्जा दीडपट, आणि ती सगळी चार पंजांच्या बोटांवर, मनगटाच्या सांध्यावर येते. पंजाचं क्षेत्रफळ वजनाच्या वेगाने वाढत नाही. म्हणून कामाचा कुत्रा पाहताना जाणते आधी तोंड बघत नाहीत, पंजा उचलून बघतात: बोटं घट्ट मिटलेली, गादी जाड, मनगट किंचित लवणारं.

याचा एक जुना, मापाचा पुरावा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला कोलन्से आणि जुरा ही बेटं आहेत. तिथे मॅकनील घराण्याकडे रेड हरणांमागे प्रत्यक्ष धावणारे डीअरहाउंड होते. त्यांतल्या बस्कर नावाच्या नराचं माप 1836 मध्ये घेतलं गेलं आणि विल्यम स्क्रोप यांच्या हरीण-शिकारीवरच्या 1838 च्या पुस्तकात ते छापून आलं: खांद्याशी 28 इंच, छातीचा घेर 32 इंच, धावण्याच्या तयारीत वजन 85 पौंड. म्हणजे 71 सेंटिमीटर आणि साडेअडतीस किलो. आज ब्रिटनमध्ये प्रदर्शनात उतरणाऱ्या डीअरहाउंड नरासाठी किमान अपेक्षित उंची 76 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 45 किलो आहे. बस्कर आज रिंगणात उतरला तर तो बुटका ठरेल. माझा कयास असा की सुधारलेल्या रायफलीने कुत्र्याचं काम हिरावलं, 1859 पासून प्रदर्शनं सुरू झाली, आणि डोंगरउताराचा लगाम सुटल्यावर माप डोळ्यांना भावेल तसं वाढत गेलं. वाढीची किंमत कुत्र्यालाच मोजावी लागते. डीअरहाउंड, वुल्फहाउंड अशा थोराड जातींत पायाच्या हाडांचा कर्करोग जास्त आढळतो आणि आयुष्यही कमी असतं.

मग दीडशे किलोच्या नर हरणाला बस्करसारखा कुत्रा पाडत कसा असेल? बहुतेकदा पाडायचं नसायचंच. कुत्र्यांच्या जोडीने हरणाला दमवून, पाण्यात किंवा कड्याच्या कडेला तोंड वळवून उभं राहायला भाग पाडायचं, बाकीचं काम माणूस करायचा. एकट्या कुत्र्याने पळायचं आणि पकडूनही ठेवायचं, या दोन अपेक्षा एका अंगात नीट मावत नाहीत. 2003 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी ग्रेहाउंड आणि पिट बुल यांचे पाय शेजारी ठेवून हे दाखवलं. ग्रेहाउंडच्या पायाचं खालचं टोक हलकं असतं, पुढच्या पायांपेक्षा मागच्यांत जोर जास्त असतो, आणि स्नायुबंध स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवतात. झुंजणाऱ्या कुत्र्याला पुढे आणि खालीही मांस लागतं. ते मांस म्हणजे धावताना प्रत्येक ढांगेला पुढेमागे हलवायचं ओझं. लर्चरमध्ये बुल टेरिअरचं रक्त घालणाऱ्यांना पकड मिळते, पण वेग हातचा जातो.

स्नायू वाढवायचा मोह किती धोक्याचा, हे व्हिपेटमध्ये अक्षरशः जनुकात दिसतं. स्नायूंच्या वाढीला आवर घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातला एक बिघाड 2007 मध्ये सापडला. बिघडलेली एकच प्रत असलेले व्हिपेट शर्यतीत जास्त वेगवान. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर कुत्रा फुगलेल्या पैलवानासारखा होतो, मान आणि मांड्या गच्च भरतात, आणि तो धावक राहत नाही.

हा मधला तोल साधायला संकर उपयोगी पडतो. ग्रेहाउंडचा वेग, डीअरहाउंडची राठ केसाळ कातडी आणि थंडीपावसातली चिकाटी, सालुकीचा दम, कोलीचं डोकं आणि कणखर पाय. शुद्ध ग्रेहाउंडची पातळ कातडी काटेरी तारेला पहिल्या भेटीतच फाटते. शुद्ध जातींच्या पहिल्या संकरातली पिल्लं बरीचशी एकसारखी निघतात, पण त्यांची आपसांत पैदास केली की मेंडेलचे नियम आपला हिशेब दाखवतात: एकाच वेतात एक 22 इंची, दुसरं 28 इंची. म्हणून लर्चर पाळणारे पुन्हा पुन्हा शुद्ध ग्रेहाउंडकडे वळतात.

आपल्या दख्खनच्या कारवानी आणि मुधोळ कुत्र्यांचं माप आठवून बघा. नराची उंची 70 सेंटिमीटरच्या आसपास, खोल छाती, आत ओढलेलं पोट, मागच्या दोन-तीन बरगड्या मोजता येतील असं अंग. सोलापूरकडच्या एका वाडीत अशा एका कुत्र्याच्या छातीखाली मी तळहात धरला होता. तो नुसता उभा होता, तरी प्रत्येक ठोका हाताला धक्का देऊन जात होता. त्याचा इतिहास वेगळा, जमीन वेगळी, समोरचं भक्ष्य काळवीट, चिंकारा नाहीतर ससा. तरी उंची बस्करच्या उंचीपाशीच येऊन थांबली.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ही शिकार बंद केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये फेब्रुवारी 2005 पासून रानटी सस्तन प्राण्यांमागे कुत्रे सोडून शिकार करणं गुन्हा आहे, स्कॉटलंडमध्ये त्याच्याही आधीपासून. ते योग्यच झालं. पाठलागात दमून उभं राहिलेल्या हरणाच्या वाट्याला जे यायचं, ते कुठल्याही माणसाने दुरुस्त करायलाच हवं होतं. कुत्र्याची धाव मात्र त्यामुळे थांबलेली नाही. मोकळ्या मैदानात दोरी कप्प्यांमधून फिरवतात, तिला प्लास्टिकची पिशवी बांधतात आणि कुत्रे सोडतात. सरळ पट्ट्यात उंच डीअरहाउंड डौलात झेपावतो. पिशवी कप्पीपाशी काटकोनात वळते, तो गवत उडवत दूरवर निघून जातो, आणि त्याच्या आतल्या बाजूने पावणेदोन फुटी व्हिपेट अंग कलतं करून वळतो.