वाटेचे वळण आणि रस्त्याचे सरळपण

‘रस्ता’ आणि ‘वाट’ हे शब्द मराठीत पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, परंतु त्यांची कुळे वेगळी आहेत. ‘रस्ता’ फारसीतून आला असून त्याच्या मुळाशी सरळ, नीट या अर्थाचा ‘रास्त’ हा शब्द आहे. ‘रास्त मागणी’ म्हणताना आपण तोच वापरतो. ‘वाट’ मात्र संस्कृत ‘वर्त्मन्’पासून प्राकृत ‘वट्ट’मार्गे आली, आणि तिच्या मुळाशी फिरणे, वळणे या अर्थाचा ‘वृत्’ हा धातू आहे. वर्तुळ, आवर्तन आणि परिवर्तन हे तिचेच भाऊबंद. ‘वर्त्मन्’ म्हणजे गाडीच्या चाकाने उमटवलेला माग असाही अर्थ होता, तेव्हा या धातूतले फिरणे मुळात चाकाचे आहे, मार्गाचे नव्हे, हे मान्य करावे लागते. ‘चाकोरी’ हा शब्दही चाकाच्या मागावरूनच घडला. तरीही डोंगरासमोर उभे राहिले की या दोन कुळांतला फरक एकदम खरा वाटू लागतो, कारण सरळ रस्ता तिथे चालत नाही आणि वाटेला वळावेच लागते.

असे का होते, याचे उत्तर उतरणीच्या गणितात आहे. समजा, एका डोंगराची बाजू ३० अंशांनी उभी आहे आणि ६०० मीटर उंची गाठायची आहे. सरळ वर गेल्यास मार्ग केवळ १,२०० मीटरचा होईल, परंतु त्यावर गुरुत्वाकर्षण गाडीला तिच्या वजनाच्या निम्म्या बलाने मागे खेचत राहील. तोच मार्ग विसास एक, म्हणजे २० मीटर चालीला १ मीटर चढ, या प्रमाणात आखला तर त्याची लांबी १२ किलोमीटर होते आणि मागे खेचणारे बल वजनाच्या विसाव्या हिश्श्यावर येते. गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागणारे एकूण कार्य दोन्हीकडे सारखेच असते. वळणांचा मार्ग फक्त ते लांबवर वाटून देतो. आता हे १२ किलोमीटर डोंगराच्या एकाच अंगावर बसवायचे, तर मार्गाला पुन्हा पुन्हा माघारी फिरण्यावाचून गत्यंतर नाही.

उतरताना हाच हिशोब उलटा होतो, आणि अधिक धोक्याचा ठरतो. १० टन वजनाचा ट्रक ६०० मीटर खाली आला की सुमारे ५.९ कोटी जूल इतकी ऊर्जा कुठेतरी जावी लागते. एवढ्या ऊर्जेत जवळपास १७५ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला आणता येईल. ती सगळी ब्रेकमध्ये उष्णतेच्या रूपाने साठू दिली, तर ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. म्हणूनच उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून वेग आवरण्याचे काम इंजिनाकडे द्यायचे असते.

पायी चालणाऱ्याचे गणित निराळे आहे. चालण्यास लागणाऱ्या ऊर्जेची मोजमापे सांगतात की, उंची गाठण्यासाठी साधारण चारास एक या सुमाराचा चढ माणसाला सर्वांत किफायतशीर पडतो. त्याहून उभ्या जागी तिरके चढत गेलेले बरे. त्यामुळे पायवाटही वळते, पण गाडीरस्त्याच्या मानाने पुष्कळ कमी. दक्षिण अमेरिकेतील इंका साम्राज्यात वाहतुकीसाठी चाक नव्हते. माणसे पायी जात आणि लामा पाठीवर ओझे वाहत. साहजिकच त्यांच्या मार्गांवर उभ्या चढणीला सरळ दगडी पायऱ्या आढळतात. मार्गाचा आकार केवळ डोंगर ठरवत नाही, त्यावरून जाणाराही ठरवतो.

आल्प्स पर्वतात इटलीतील स्टेल्वियो खिंडीचा रस्ता १८२० ते १८२५ या काळात, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी, कार्लो दोनेगानी या अभियंत्याने बांधला. खिंडीची उंची २,७५७ मीटर आहे, आणि तिच्या ईशान्य बाजूला एकावर एक अशी ४८ वळणे आहेत. हा रस्ता आखला गेला तो घोडागाड्यांसाठी, मोटारींसाठी नव्हे. तिथल्या आवळ वळणांवर आजच्या लांब वाहनांना जड जाते. वाहन वळते तेव्हा त्याची मागची चाके पुढच्या चाकांच्या मागावरून न जाता आतल्या बाजूने जातात, आणि वाहन जितके लांब तितका हा फरक मोठा. त्यासाठी वळणावर रस्ता रुंद ठेवतात आणि शक्यतो तेवढ्यापुरता चढही सौम्य करतात.

वेगाचा प्रश्न त्याहून कडक आहे. १५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला वळते ठेवण्यासाठी तिच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याएवढे बल बाजूने लागते. वेग ताशी ४० झाला की ते दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि ओल्या रस्त्यावर टायरची पकड तेवढे पुरवू शकेलच असे नाही. रस्त्याची बाहेरची कड उंच करून या बलाचा काही भाग रस्त्याच्या उतारावर सोपवता येतो. शिवाय सरळ भागातून वळणात एकदम शिरायचे नसते; मधे वक्रता हळूहळू वाढत जाणारा तुकडा घालतात. एकसारख्या वेगाने जाताना स्टिअरिंगही एकसारखे फिरवत नेले की गाडी जवळपास तोच वक्र काढते, आणि म्हणून अशा रस्त्यावर प्रवाशाला हिसका बसत नाही.

या वळणांना नावे देताना जगभरच्या भाषांनी आपापल्या अवतीभवतीच्या वस्तू उचलल्या. मराठीत रस्ता नागमोडी. जर्मन भाषेत अशा रस्त्याला ‘सर्पेंटीने’ म्हणतात. त्यातला लॅटिन ‘सर्पेन्स’ आणि आपला ‘सर्प’ हे सरपटण्याच्या एकाच प्राचीन धातूतून निघाले, तेव्हा साप दोन्हीकडे एकच आहे. फ्रेंचांना बुटाची नाडी दिसली, इंग्रजांना केसांतला आकडा, तर चिनी भाषेत अरुंद वळणावळणाच्या वाटेला मेंढीच्या आतड्याची उपमा आहे. जपानी भाषेत ती ‘नव्व्याण्णव घड्या’ अशी लिहितात. इटालियन ‘तोर्नांते’ मात्र उपमेच्या फंदात पडत नाही. त्याच्या मुळाशी परत फिरणे एवढेच आहे, आणि माझ्या मते वर्णन म्हणून तेच सर्वांत अचूक आहे.

डोंगर ओलांडण्याच्या जागेलाही शब्द हवा असतो. ‘खिंड’ म्हणजे दोन उंचवट्यांमधली फट. तो भूरूपाचा शब्द आहे. ‘घाट’ हा मार्गाचा. संस्कृत ‘घट्ट’ म्हणजे नदीवर उतरण्याची जागा, आणि मराठीत एकच घाट नदीकडेही उतरतो व डोंगरही चढतो. जपान्यांनी खिंडीसाठी चिनी चिन्हांच्या धर्तीवर स्वतःचे चिन्ह घडवले: डावीकडे ‘डोंगर’, उजवीकडे ‘वर’ आणि त्याखाली ‘खाली’. उच्चार ‘तोगे’. इतकी नेमकी व्याख्या कोशांतही क्वचितच मिळते.

सपाटीवरचे शब्द बहुतेक बांधकाम सांगतात किंवा जुळणी. तीन वाटा मिळतात तो तिठा, चार मिळतात तो चव्हाटा. रोमन लोक फरसबंद मार्गाला ‘व्हिया स्ट्राटा’ म्हणत, म्हणजे अंथरलेली वाट. इंग्रजी ‘स्ट्रीट’, जर्मन ‘श्ट्रासं’ आणि इटालियन ‘स्त्रादा’ त्यातूनच आले, आणि आपल्या ‘विस्तार’ शब्दातला पसरण्याचा धातूही त्याच घराण्यातला आहे.

स्वित्झर्लंडमध्ये गॉटहार्ड खिंडीच्या दक्षिण उतारावर ‘ट्रेमोला’ नावाचा दगडी फरशीचा जुना नागमोडी रस्ता आहे. १९८० साली त्या पर्वताखालून १६.९ किलोमीटरचा बोगदा वाहनांसाठी खुला झाला आणि बहुतेक वाहतूक पर्वताच्या पोटातून जाऊ लागली. वरचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो, आणि बर्फ हटले की त्याच वळणांवरून पुन्हा सुरू होतो.