रेयॉनचा कुर्ता पिळू नये, तो का?

गेल्या महिन्यात माझ्या बहिणीचा नवा कुर्ता तिसऱ्याच धुण्यात काखेजवळ फाटला. दुकानात तो 'कॉटनसारखाच' म्हणून दाखवला गेला होता. गळ्याच्या आतील पट्टीवर मात्र बारीक अक्षरांत 'व्हिस्कोस' असे लिहिलेले होते. बहिणीने दोष हलक्या कापडाला दिला, आईने वॉशिंग मशीनला. मला वाटते, खरा दोष आपल्या एका जुन्या समजुतीचा आहे: जे कापड अंगाला सुतीसारखे लागते, ते सुतीसारखेच धुतलेले चालते.

व्हिस्कोस हा रेयॉनचाच सर्वाधिक प्रचलित प्रकार. त्याला प्लास्टिक समजणारे पुष्कळ आहेत, पण ते चूक आहे. कापूस आणि व्हिस्कोस हे दोन्ही सेल्युलोजचेच बनलेले असतात. ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडले जाऊन सेल्युलोजची साखळी तयार होते. कापसात ती निसर्ग बांधतो, तर व्हिस्कोससाठी लाकडाच्या लगद्यातील सेल्युलोज रसायनांत विरघळवून, बारीक छिद्रांतून आम्लात सोडून त्याचा पुन्हा धागा केला जातो. या पद्धतीचे पेटंट इंग्लंडमध्ये 1892 साली घेतले गेले आणि आपल्या कल्याणजवळच्या शहाडलाही असा धागा अनेक दशके तयार होत आला आहे.

पदार्थ एकच असूनही पाण्यात पडताच दोघांचे वागणे उलटे होते. भिजलेला कापूस कोरड्यापेक्षा साधारण 10 ते 20 टक्क्यांनी अधिक बळकट होतो, तर भिजलेल्या व्हिस्कोसची ताकद जवळजवळ निम्मी होते. घाटावर सुती कपडे दगडावर आपटून धुण्याची पद्धत पिढ्यानपिढ्या टिकली, त्यामागे कापसाचा हा गुण आहे.

असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. सेल्युलोजच्या शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. यांतला एकेक बंध अगदी दुबळा असतो, पण त्यांची संख्या अफाट असते. पाण्याचे रेणू तंतूच्या विस्कळीत भागांत शिरतात, हे बंध सोडवतात आणि त्यांच्या जागी स्वतः चिकटतात. त्यामुळे तंतू फुगतो आणि साखळ्यांना थोडे सरकता येते. कापसाची एक साखळी हजारो ग्लुकोज रेणूंची, म्हणजे फार लांब असते. ती थोडी सरकली तरी तिची टोके दूरवरच्या घट्ट, स्फटिकी भागांत रुतलेली राहतात. उलट या सरकण्यामुळे कोरड्या तंतूत ठिकठिकाणी साठलेला ताण मोकळा होतो, पिळलेले सूक्ष्म तंतू ओढीच्या दिशेने सरळ होतात आणि भार अनेक साखळ्यांत वाटला जातो. व्हिस्कोसची साखळी मात्र जेमतेम काहीशे रेणूंची असते, कारण कारखान्यात लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून मुद्दाम मुरत ठेवतात. त्या अवधीत हवेतील ऑक्सिजन साखळ्या तोडतो आणि त्या तुटल्याशिवाय द्रावण छिद्रांतून नीट वाहत नाही. अशा आखूड साखळ्यांना एकत्र ठेवण्याचा मोठा भार हायड्रोजन बंधांवरच असतो. ते सुटले की साखळ्या एकमेकींवरून निसटतात आणि धागा तुटतो.

कुर्त्याची शिवण शाबूत राहून तिच्या कडेचे कापड फाटले, त्याचाही उलगडा यातून होतो. शिलाईचा दोरा बहुधा पॉलिएस्टरचा असतो आणि त्याच्यावर पाण्याचा परिणाम जवळपास होत नाही. ओल्या, दुबळ्या कापडाला तो चिवट दोरा कापत जातो.

म्हणून रेयॉनचे कपडे उलटे करून, जाळीच्या पिशवीत घालून, थंड पाण्यात थोडाच वेळ धुवावेत. ते पिळू नयेत. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की पाणी पुरेसे निघते. ओला जड कुर्ता हँगरला लावल्यास सारा भार खांद्यांवर येतो आणि कापड ओघळते, त्यामुळे तो दोरीवर दुहेरी टाकावा किंवा सपाट पसरावा.

याच संदर्भात मिठाच्या पाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. नवा कपडा मिठात भिजवला की रंग पक्का होतो, असे घरोघरी सांगितले जाते आणि हल्ली व्हिडिओंतून ते अधिकच पसरले आहे. सुती कापड रंगवताना मीठ वापरतात हे खरे, कारण पाण्यात रंग आणि तंतू दोघांवरही ऋण प्रभार असतो आणि मीठ त्यांच्यातील दुरावा कमी करते. परंतु रंगाई संपल्यानंतर सुटत असलेल्या रंगाला मीठ तंतूशी बांधू शकत नाही.

चिठ्ठी नसलेले कापड ओळखण्यासाठी धागा जाळून पाहण्याचा उपाय येथे उपयोगाचा नाही, कारण कापूस आणि व्हिस्कोस दोन्ही जळताना कागदासारखाच वास येतो. त्याऐवजी आतल्या दुमडीतून वीतभर धागा काढावा, त्याचा मधला भाग पाण्याने भिजवावा आणि दोन्ही टोके धरून हळूहळू ओढावे. व्हिस्कोस ओल्या जागीच तुटतो. कापसाचा धागा बहुतेक वेळा कोरड्या भागात तुटतो.