कॅप्टन वेस्टचं आडनाव

'गोत्र म्हणजेच वाय गुणसूत्र, आपल्या ऋषींना जनुकशास्त्र ठाऊक होतं' हा मजकूर दर लग्नसराईत व्हॉट्सअॅपवर नव्याने फिरायला लागतो. युक्तिवाद असा की, वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, गोत्रही तसंच जातं, म्हणजे दोन्ही एकच. या न्यायाने आडनाव आणि वडिलोपार्जित कर्जसुद्धा गुणसूत्रच ठरेल. आणि दत्तकाचं काय? राजर्षी शाहू महाराज जन्माने कागलच्या घाटगे घराण्यातले. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि भोसले झाले. दत्तकविधानाने कुळ बदलतं, गोत्र बदलतं, पेशीतलं गुणसूत्र जागचं हलत नाही.

कागदावरची वंशावळ एक सांगते आणि शरीरातली वेगळंच, असं सगळीकडे घडतं. पण ही तफावत विज्ञानाने नेमकी कशी पकडली, याचं मला भावलेलं उदाहरण अमेरिकेतल्या जेम्सटाउनचं आहे. चारशे वर्षांपूर्वी तिथे मारल्या गेलेल्या एका तरुण इंग्रज कप्तानाची ही गोष्ट.

जेम्सटाउन ही उत्तर अमेरिकेतली इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत. स्थापना १६०७ ची, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी तेवीस वर्षं. टिकली म्हणायचं, पण कशीबशी. १६०९-१० च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे तीनशे माणसांपैकी साठेक जिवंत राहिली, बाकीची उपासमारीने आणि रोगराईने गेली. उरलेल्यांनी जून १६१० मध्ये गाशा गुंडाळला आणि जहाजांत बसून ते परत निघालेही. तेवढ्यात नदीतच त्यांना नवा गव्हर्नर भेटला, अन्नधान्य आणि माणसं घेऊन येणारा. त्याने सगळ्यांना मागे फिरवलं. हा थॉमस वेस्ट, तिसरा बॅरन, म्हणजे सरदार, डी ला वॉर. डेलावेअर राज्याला नाव मिळालं ते याच्यावरूनच.

गव्हर्नरसाहेब सोबत आपली माणसं घेऊन आले होते. सर फर्डिनांडो वेनमन हे त्यांपैकी एक. तोफखाना त्यांच्याकडे होता. दुसरा कॅप्टन विल्यम वेस्ट, वय जेमतेम चोवीस. वेनमन आले त्याच उन्हाळ्यात वारले. विल्यम त्याच वर्षी स्थानिक आदिवासींशी झालेल्या चकमकीत मारला गेला.

१६०८ साली बांधलेल्या तिथल्या लाकडी चर्चची जागा २०१० मध्ये उत्खननात सापडली. स्थानिक आदिवासी प्रमुखाची मुलगी पोकाहोंटस आणि इंग्रज वसाहतवाला जॉन रॉल्फ यांचं लग्न झालं ते हेच चर्च. त्याच्या वेदीजवळच्या भागात चार कबरी होत्या. इतक्या मोक्याच्या जागी पुरलेली माणसं बडी असणार हे उघड होतं, पण नावाचा दगड एकावरही नव्हता. २०१३ मध्ये त्या कबरी उघडल्या आणि २०१५ मध्ये चौघांची नावं जाहीर झाली: पाद्री रॉबर्ट हंट, कॅप्टन गॅब्रिएल आर्चर, वेनमन आणि वेस्ट.

नावं कशावरून ठरवली? डीएनएवरून नव्हे, हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली प्राचीन हाडं म्हटली की लोकांना एकदम डीएनएच आठवतं. वय, शवपेटीचा आकार, सोबतच्या वस्तू आणि हाडांचं रसायन यांवरून उमेदवारांची यादी हळूहळू आखडत आणली. दोघांच्या हाडांत शिशाचं प्रमाण खूप होतं. त्या काळी कथिलात शिसं मिसळून केलेल्या ताटवाट्या आणि शिशाची झिलई दिलेली भांडी श्रीमंतांच्या घरी असत, आणि गरिबापेक्षा श्रीमंताच्या पोटात शिसं जास्त जाई. शिवाय हाडांतला कार्बन. मका, ज्वारी, बाजरी, ऊस या वनस्पती हवेतला कार्बन वेगळ्या रासायनिक वाटेने बांधतात आणि त्यांच्यात कार्बन-१३ हा जड प्रकार गहू-तांदळापेक्षा थोडा जास्त असतो. खाणाऱ्याच्या हाडांत तो फरक उतरतो. म्हणजे एखाद्याची हयात भाकरीवर गेली की पोळीवर, हे शतकांनंतरही हाडं सांगतात. इंग्लंडात गहू होता, व्हर्जिनियात मका. या हाडांवर छाप गव्हाची होती, म्हणजे मंडळी नव्यानेच आलेली.

वेस्टच्या कबरीत आणखी एक गोष्ट होती. त्याच्या अंगावर कापडाचे अवशेष दिसत होते, पण हात लावला की भुगा होईल अशा अवस्थेत. म्हणून तो भाग मातीच्या ढेकळासकट उचलला आणि ढेकूळ न फोडताच त्याचं सीटी स्कॅन केलं. पडद्यावर मातीच्या आत चांदीच्या तारेची झालर आणि बारीक टिकल्या दिसल्या. रेशमी पट्टा होता तो, लष्करी अधिकारी मिरवायचे तसला. तरुण वय, श्रीमंती, लष्करी हुद्दा: विल्यम वेस्टच.

इथवरचं काम नेटकं होतं. आडनाव वेस्ट, गव्हर्नर वेस्ट, तेव्हा हा त्या घराण्यातल्या कुणा पुरुषाचा मुलगा, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. वेनमनचं नातं तर कागदावर स्वच्छ होतं. पहिल्या बॅरनला थॉमस हा मुलगा, तो पुढे दुसरा बॅरन झाला, आणि त्याचा मुलगा आपला गव्हर्नर. याच पहिल्या बॅरनची मुलगी जेन. ती वेनमन घरात दिली, तिचा मुलगा फर्डिनांडो. म्हणजे तो गव्हर्नरचा आतेभाऊ. विल्यम असणार चुलत घरातला कोणीतरी.

मग डीएनए तपासलं. हार्वर्डमधल्या डेव्हिड राइश यांच्या प्रयोगशाळेतले संशोधक या कामात होते, निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि चुलत घराची गोष्ट कोसळली.

इथे जरा सावकाश जाऊ, कारण सगळी गंमत इथेच आहे. शाळेत 'पेशीचं ऊर्जाकेंद्र' म्हणून पाठ केलेली तंतुकणिका आठवत असेल. केंद्रकातल्या डीएनएखेरीज या तंतुकणिकेत स्वतःचं छोटंसं, वर्तुळाकार डीएनए असतं, फक्त १६,५६९ अक्षरांचं. गर्भाला ते आईकडून मिळतं. बापाच्या शुक्राणूतल्या तंतुकणिका फलनानंतर नष्ट केल्या जातात. मुलगा असो वा मुलगी, तंतुकणिका आईची. पण ती पुढे देते फक्त मुलगी.

आता हे वेस्ट घराण्यात बसवून पाहू. जेन आणि थॉमस या दोघांनाही एकाच आईची तंतुकणिका मिळाली. थॉमसची त्याच्याबरोबर संपली. त्याच्या मुलाला, म्हणजे गव्हर्नरला, मिळाली ती थॉमसच्या बायकोची, घरात आलेल्या सुनेच्या माहेरची. जेनची मात्र फर्डिनांडोकडे आली. म्हणून आतेभाऊ आणि मामेभाऊ यांच्या तंतुकणिका जुळत नाहीत, दोघं एकाच आजीच्या मांडीवर वाढले तरी. विल्यम कुणा वेस्ट पुरुषाचा मुलगा असेल, तर त्याच्याकडेही कुठल्यातरी सुनेच्या माहेरची तंतुकणिका हवी. फर्डिनांडोशी ती जुळायचं कारण नाही.

ती जुळली. दोघंही 'एच१०ई' या एकाच मातृगटाचे निघाले.

मातृगट म्हणजे काय? तंतुकणिकेच्या मजकुरात हजारो वर्षांत क्वचित एखादं अक्षर बदलतं, आणि बदललं की त्या बाईच्या मुलींकडून पुढे चालू राहतं. अशा बदलांच्या आधाराने सगळ्या मानवजातीचा एक मातृवृक्ष काढलेला आहे, त्याच्या फांद्यांना अक्षरं आणि आकडे दिलेत. नुसता 'एच' गट जुळला असता तर काहीच सिद्ध झालं नसतं, कारण युरोपात दहातले चौघे एच गटाचेच भरतील. एच१०ई ही त्या एचची बरीच आत गेलेली, बारीक डहाळी. दोन असंबंधित माणसं योगायोगाने तिच्यावर बसलेली सापडणं अवघड. अशक्य नव्हे. एखाद्या वेस्ट पुरुषाची बायको नेमकी याच डहाळीवरची असू शकते. त्यामुळे इथवर हाती होता तो दाट संशय, पुरावा नव्हे.

हे डीएनए मिळवणंही सोपं नसतं. व्हर्जिनियाची हवा उष्ण आणि दमट, तिथल्या मातीत हाडं लवकर झिजतात. उरतात ते डीएनएचे तुकडे, अनेकदा पन्नास-साठ अक्षरांचे. केंद्रकातल्या डीएनएच्या एका पेशीत दोनच प्रती, तंतुकणिकेच्या शेकडो ते हजारो, म्हणून जुन्या हाडांत तंतुकणिकाच आधी हाती लागते. पण तुकडा मेलेल्या माणसाचा की खणताना शिंकलेल्या संशोधकाचा? त्यावर निसर्गानेच एक खूण ठेवली आहे. काळाच्या ओघात सायटोसिन या अक्षराचा अमिनो गट गळून पडतो आणि त्याचं युरॅसिल होतं. वाचणारं यंत्र त्याला थायमिन समजतं. ही झीज तुकड्यांच्या टोकांना सर्वांत जास्त होते, कारण तिथे डीएनएचा धागा सुटा, एकेरी राहिलेला असतो. तेव्हा टोकाकडे 'सी'च्या जागी 'टी' वाढलेले दिसले की तुकडा जुना, टोकं शाबूत दिसली की कालपरवाचा. बिघाडाचाच दाखला म्हणून उपयोग करण्याची ही युक्ती मला संबंध शास्त्रातली सर्वांत देखणी वाटते.

संशय आल्यावर संशोधक पुन्हा दप्तराकडे वळले, आणि आता काय शोधायचं ते ठाऊक होतं. पहिल्या बॅरनला जेनखेरीज एलिझाबेथ नावाचीही मुलगी होती. ती अविवाहित. कोर्टाच्या जुन्या कागदांत विल्यम हा तिचा मुलगा असल्याचं उघड झालं. म्हणजे विल्यम आणि फर्डिनांडो मावसभाऊ, दोन सख्ख्या बहिणींची मुलं. एलिझाबेथ लग्नाविना आई झाली होती, म्हणून मुलाला आडनाव लागलं ते तिचंच. घराण्याच्या वंशावळींतून त्याचा जन्म वगळला होता, आणि बहुधा जाणूनबुजून. जे आडनाव बापाकडून आलं म्हणून सगळे निश्चिंत होते, ते आईचं निघालं.

आपल्याकडचे जुने कुलवृत्तान्त चाळले तर असल्या गाळलेल्या जागांची कल्पना येते. पुरुषांची शाखावार जंत्री असते, मुलींचा उल्लेख मात्र कित्येकदा लग्न करून गेल्या तिथेच संपतो. वेस्ट घराण्याची गोष्ट सुटली ती नेमकी असल्या बाजूला टाकलेल्या मुलींच्या रेषेवरून.

आता जरा थंड पाणी. 'थुंकी पाठवा, पूर्वज ओळखा' म्हणणाऱ्या जाहिराती हल्ली मराठी घरांतही पोचल्या आहेत. चारशे वर्षं म्हणजे साधारण चौदा पिढ्या. दर पिढीला पूर्वज दुप्पट धरले तर त्या पिढीत १६,३८४ जागा होतात. तंतुकणिका त्यांतल्या एका बाईबद्दल बोलते, वाय एका पुरुषाबद्दल. उरलेल्या १६,३८२ जणांबद्दल दोघंही मुके. त्या एका रेषेवरून 'तुम्ही अमुक राजाचे वंशज' असा छापील दाखला देणं हा धंदा आहे.

आणि जुळणी हुकतेही. जेम्सटाउनच्याच बार्थोलोम्यू गॉस्नोल्ड या कप्तानाचा सांगाडा सापडला असं वाटलं, तेव्हा २००५ मध्ये इंग्लंडातल्या सफोकमधल्या शेली गावच्या चर्चची फरशी उचलून त्याच्या बहिणीची कबर शोधली होती. डीएनए जुळलं नाही. फरशीखालची बाई त्याची बहीण नसावीच, असं पुढे दिसलं. अशाने कप्तान खरा की खोटा, काहीच ठरत नाही. तुलनेचं एक टोक पक्कं नसेल तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, उत्तर निघत नाही.

टोक पक्कं नसताना काय करायचं, याचा एक वेगळा मार्ग गोव्यात दिसला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीन चर्चच्या अवशेषांत एक हाड मिळालं होतं. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात शिराझला ठार मारलं गेलं, आणि तिच्या अस्थींचा काही भाग पोर्तुगीज पाद्र्यांनी गोव्यात आणला अशी नोंद होती. तिचा वंशज हाताशी नव्हता. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हाडातली तंतुकणिका वाचली, ती निघाली 'यू१बी' गटाची. हजारो भारतीयांच्या नमुन्यांत हा गट मिळाला नाही, जॉर्जियातल्या थोड्याशा नमुन्यांत मिळाला. नाव सिद्ध झालं नाही, पण हाड इथल्या माणसाचं नसावं हे कळलं, आणि नोंदीला बळ आलं. २०२१ मध्ये भारताने अस्थी जॉर्जियाला दिल्या.

विल्यमकडे परत. त्याचा बाप कोण? तंतुकणिका याचं उत्तर कधीच देणार नाही. त्यासाठी वाय गुणसूत्र लागेल, आणि जोडीला एखाद्या संशयित घराण्यातला आज हयात असलेला, बापाकडून सरळ रेषेत आलेला पुरुष. ही वाट किती भरवशाची, हे इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याच्या सांगाड्याने दाखवलंय. तो २०१२ मध्ये लेस्टरच्या वाहनतळाखाली सापडला. बहिणीच्या लेकीबाळींकडून आलेल्या आजच्या वंशजांशी त्याची तंतुकणिका जुळली. मग कागदोपत्री त्याच्या पितृवंशातल्या पाच पुरुषांचं वाय तपासलं. चौघांचं आपसांत जुळलं, पाचव्याचं त्या चौघांशीही जुळलं नाही, आणि रिचर्डशी पाचांपैकी एकाचंही नाही.