क्रिएटिनीनखालच्या ओळीची पार्श्वभूमी

जळगाव-धुळ्याकडच्या लॅबच्या किडनी प्रोफाइलवर हल्ली क्रिएटिनीनखाली ईजीएफआरची ओळ छापलेली असते, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा क्रिएटिनीनवरून सूत्राने काढलेला अंदाज; आकडा जितका कमी तितकी किडनी कमजोर. पेशंट वरचा १.१ बघतो, नॉर्मल म्हणतो आणि कागद घडी करून खिशात घालतो.

क्रिएटिनीन मोजायची मूळ रीत १८८६ची. अल्कलीत पिक्रिक ॲसिड घातलं की नारिंगी रंग येतो. स्वस्त म्हणून सुधारून आजही तीच चालते. खरी अडचण अर्थ लावण्याची. क्रिएटिनीन हा स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा, म्हणून पैलवानाचं १.१ आणि वाळलेल्या आजीचं १.१ एक नव्हे. १९७६ मध्ये वय-वजन धरून किडनीचं गाळणं काढायचं सूत्र आलं, तेही ज्यांवरून बेतलं त्या जवळपास सगळ्या नोंदी पुरुषांच्या. बायकांचं काय? ०.८५ने गुणा, झालं!

१९९९ आणि २००९च्या सूत्रांना वजन लागेना, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा आकडा अनुक्रमे २१ आणि १६ टक्क्यांनी वाढवून धरला जाई. स्नायू जास्त, हे कारण. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर बरी दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये हा गुणक काढला, तो आधीच जायला हवा होता. पण सगळ्यांना एकच सूत्र लावताना बाकीच्यांचे आकडे थोडे वर सरकले. ६५ वर्षांच्या बाईला १.१ क्रिएटिनीनवर २००९चं सूत्र ईजीएफआर ५३ देई, नवं ५६ देतं. पंचविशीतल्या पोराला त्याच १.१वर ९५च्या आसपास.

या भांडणात आपण कुठेच नव्हतो. तरी रावेर-यावलच्या केळीबागेत राबणाऱ्या, भाकरी-भाजीवर जगणाऱ्या किडकिडीत बाईलाही सूत्र तेच. तिचं क्रिएटिनीन मुळातच कमी, म्हणून आकडा खऱ्याहून बरा दिसू शकतो. सिस्टॅटिन सी हे रक्तातलं दुसरं प्रथिन स्नायूंवर एवढं अवलंबून नसतं, पण ती तपासणी महाग.

ईजीएफआर सलग तीन महिने ६०च्या खाली तर जुनाट किडनीविकार, ही रेघ २००२ची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, अंगातलं पाणी आटलं की युरिया-क्रिएटिनीन तात्पुरतं चढतं. तेवढ्या एका रिपोर्टवर केळी बंद करणारे आहेत. केळ्याचा संबंध पोटॅशियमशी, ते वेगळं तपासावं लागतं. २०१२पासून लघवीतून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनालाही किडनीविकाराच्या वर्गीकरणात जागा मिळाली, पण रक्ताच्या स्वस्त पॅकेजात ते बहुधा नसतं, वेगळं सांगून करून घ्यावं लागतं.