पाय पाहून चाल

दत्तजयंतीला सारंगखेड्यात तापीकाठी घोडेबाजार भरतो. दोंडाईच्याच्या भाच्याला घेऊन मी एकदा तिथे गेलो होतो. दावणीच्या एका घोड्यासमोर पांढऱ्या टोपीतले दोन म्हातारे उभे होते. घोडा अजून जागचा हललाही नव्हता, पण त्यांचं मत ठरून गेलेलं. "त्याना पाय देख ना, भो!" एवढंच एक जण म्हणाला. दहावीतला भाचा माझ्या कानाशी लागला, "मामा, हे तर गेममध्ये कॅरेक्टर निवडतात तसंच आहे."

उपमा मला पटली, पण एका ठिकाणी ती अडते. घोड्याचं शरीर आधी असतं आणि चाल त्यातून निघते. गेममध्ये चाल आधी ठरवून तिच्या मापाचं शरीर बेतता येतं. आणि कधी कधी दोन्ही ठरतात ते तिसऱ्याच अडचणीमुळे.

मारिओचंच बघा. १९८१ साली 'डाँकी काँग' या गेमसाठी शिगेरू मियामोतो यांनी त्याला रेखाटलं, तेव्हा हाताशी होती जेमतेम १६ बाय १६ ठिपक्यांची चौकट आणि मोजके रंग. एवढ्यात तोंड दिसणार कसं? म्हणून मोठं नाक आणि त्याखाली मिशी. केसांच्या भानगडीत पडायला नको म्हणून टोपी. धावताना हात अंगापासून वेगळे कळावेत म्हणून सदऱ्याच्या रंगाहून वेगळ्या रंगाचा डांगरीसारखा पोशाख. तेव्हा त्याचं नाव होतं 'जम्पमन', म्हणजे उडी मारणारा. काम हेच नाव. पुढे ती मिशी आणि ती टोपी जगभरच्या डब्यांवर, दप्तरांवर आणि खेळण्यांवर गेली. कोट्यवधींची ओळख झालेला हा चेहरा ठिपके पुरत नव्हते म्हणून तसा झाला, याची मला अजून गंमत वाटते.

'किर्बी' हा १९९२ सालचा गुलाबी गोळाही असाच. मासाहिरो साकुराई यांनी तो तात्पुरता, जागा भरायला म्हणून काढला होता. नंतर तोच आवडला. फुगायचं, तरंगायचं आणि समोरचं गिळायचं, ही त्याची कामं त्या आकाराला इतकी शोभतात की नियम समजावून सांगावेच लागत नाहीत.

हे शोभणं येतं कुठून? १९२९ मध्ये वोल्फगांग क्योलर या मानसशास्त्रज्ञाने निरर्थक शब्द आणि आकृत्या यांची जोडी लावण्याचा प्रश्न मांडला. २००१ मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड या संशोधकांनी तोच धागा पुढे नेला. एक गोलसर आकृती, एक टोकेरी. यातली 'बूबा' कोणती आणि 'किकी' कोणती? शंभरातल्या सुमारे ९५ जणांनी गोलसर आकृतीला बूबा म्हटलं. म्हणजे डोळ्याला दिसलेल्या आकाराला मेंदू लगेच दुसरे गुण चिकटवतो. गेम बनवणारे याच सवयीवर भिस्त ठेवतात. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये गुळगुळीत डोक्याच्या शत्रूवर उडी मारली की तो चिरडला जातो. पाठीवर काटे असलेला शत्रू आला की 'उडी मारू नका' अशी पाटी लावावी लागत नाही. बाभळीच्या काट्यावर पाय पडलेल्या पोराला तर मुळीच नाही.

रावेरकडच्या वाचकांसाठी एक केळ्याची गोष्ट. १९९४ च्या 'डाँकी काँग कंट्री'मध्ये अख्खी केळी गोळा करायची; शंभर झाली की एक जीव वाढतो. १९९२ च्या 'सुपर मारिओ कार्ट'मध्ये केळ्याची साल टाळायची, नाहीतर गाडी गरगरते. फळ तेच, पण अख्खं की नुसती साल एवढ्यावर नियम उलटतो.

आकारावर सगळ्यात नेटाने काम झालेलं मला दिसतं ते 'टीम फोर्ट्रेस २' या २००७ सालच्या गेममध्ये. त्यात नऊ प्रकारचे लढवय्ये आहेत. लांबून, घाईत, अर्धवट उजेडात समोर कोण आहे ते कळायला हवं. म्हणून प्रत्येकाची नुसती काळी आकृतीही वेगळी ठेवली. रात्री शेतात राखणीला बसलेला माणूस डुक्कर की कुत्रं हे जसं ओळखतो, तसंच हे. रंग गट सांगतो, आकृती लढवय्याचा प्रकार सांगते आणि छातीजवळचा उजळ भाग नजरेला हातातल्या शस्त्राकडे नेतो. पिंपासारख्या धडाच्या 'हेवी'ची मार सोसायची ताकद ३०० आणि काटकुळ्या 'स्काउट'ची १२५, पण स्काउट वाऱ्यासारखा पळतो. आकडे कुणी वाचत नाही. ते अंगावरच दिसतात.

ब्रँड याच्यावर उभा राहतो. १९९१ मध्ये सेगा या गेम कंपनीला वेग विकायचा होता, म्हणून तिच्या 'सॉनिक' या पात्राचे काटे मागे झुकलेले, बूट लाल आणि अंग कंपनीच्या चिन्हासारखं निळं. उलट दिशेचं उदाहरण याहून मजेशीर आहे. १९८७ मध्ये जपानात 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा वेगळाच गेम आला. १९८८ मध्ये अमेरिकेत त्यातली पात्रं काढून मारिओची मंडळी बसवली आणि नाव दिलं 'सुपर मारिओ ब्रदर्स २'. अमेरिकेत तोवर मारिओचा भाऊ लुईजी म्हणजे हिरव्या रंगातला मारिओच. या गेमने त्याला उंची आणि लांब उडी दिली. राजकन्या पीच आपल्या घेरदार झग्यात हवेत तरंगू लागली. उसन्या घरातल्या या लकबी पुढे त्यांच्या अंगच्याच होऊन गेल्या.

भाच्याच्या पिढीचा वाद मात्र पबजी आणि फ्री फायरचा. मूळ पबजीत माणसं बिननावाची. कपडे कितीही भारी घ्या, ताकद तीच. म्हणून तिथे ओळख बनली ती चेहरा झाकणारं हेल्मेट. फ्री फायरमध्ये पात्राला नाव आहे आणि नावासोबत शक्तीही, म्हणून पोरं पात्राचं नाव घेऊन भांडतात. फ्री फायरवर भारतात २०२२ च्या फेब्रुवारीत बंदी आली, तरी भांडण चालूच आहे.

रूप खेळणाऱ्यालाही बदलतं, हे थोडं अस्वस्थ करणारं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं की आभासी जगात उंच शरीर मिळालेली माणसं पैशांच्या वाटणीत जास्त ताणून धरतात. उंची पडद्यावरची, ताठा मात्र खरा.

आपल्याकडे पुण्यात घडलेला २०२० चा 'राजी' हा गेम या दृष्टीने मला आवडतो. नायिका सर्कशीतली मुलगी, म्हणून तिने भिंतीवर चढावं, खांबाभोवती गिरकी घ्यावी, हे आपण न विचारता मान्य करतो. नुसता फेटा आणि धोतर चढवून 'देशी' झालेल्या पात्रांत हे सापडत नाही.

सारंगखेड्याहून परतताना भाच्याने वहीत आपल्या गेमसाठी घोडा काढला होता. चहाच्या टपरीवर मघाचाच एक म्हातारा शेजारी बसला. चित्र बघून म्हणाला, कान झकास आहेत, पण पुढचे पाय जाड झालेत, हा पळायचा नाही, ओढायचा आहे. मला वाटलं, भाचा आता खोडरबर मागणार. त्याने पाय तसेच ठेवले. खाली लिहिलेलं 'वेग ९०' खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'ओझं ९०'.