पत्ता अपुरा : ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’ची पार्श्वभूमी

फ्लॅट घेताना केलेल्या करारनाम्याचं सह्यांचं पान काढून बघा. करार इंग्रजीत असेल तर तिथे हमखास एक ठरलेली ओळ सापडते : ‘साइन्ड, सील्ड अँड डिलिव्हर्ड’. सही केली, मोहोर लावली, हवाली केलं. जुन्या इंग्रजी कायद्यातून आलेली ही वकिली भाषा. १९७० साली स्टीव्ही वंडर या अमेरिकन गायकाने ती उचलून प्रेमगीतात घातली. त्या गाण्यातला प्रियकर स्वतःलाच सहीशिक्क्यानिशी प्रेयसीच्या ताब्यात देतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हॉलमार्क चॅनलवर याच शब्दांच्या नावाचा एक टीव्ही-चित्रपट लागला, आणि पुढे त्याचीच मालिका झाली. त्यात मात्र ‘डिलिव्हर्ड’ हा शब्द सरळ अर्थानेच घ्यायचा होता, कारण गोष्ट टपालखात्यातली होती.

कोलोराडो राज्यातलं डेन्व्हर शहर. तिथल्या पोस्टाच्या इमारतीत ‘डेड लेटर ऑफिस’ नावाची एक खोली आहे, आणि पत्ता पुसलेली, फाटलेली, वर्षानुवर्षं कुठेतरी अडकून पडलेली पत्रं तिथे येतात. तिचा प्रमुख ऑलिव्हर ओटूल हा थ्री-पीस सूट घालणारा, हाताने पत्र लिहिणं हा सभ्यपणाचा भाग मानणारा माणूस. शेन मॅकिनर्नी ही संगणकात तरबेज असलेली मुलगी तिथे चुकून येते. तिची बदली ‘डायरेक्ट लाइन ऑपरेशन्स’मध्ये व्हायची असते, पण दोन्ही विभागांची आद्याक्षरं एकच, डीएलओ. म्हणजे नायिकासुद्धा चुकीच्या पत्त्यावर पडलेलं पाकीटच. सोबत रिटा, जिला एकदा पाहिलेलं सगळं जसंच्या तसं आठवतं, आणि नॉर्मन, लाजाळू पण शोधकामात पक्का. चौघं मिळून एकेका पत्राचा धनी शोधतात आणि काम फत्ते झालं की ‘यू-हू’ या चॉकलेटच्या बाटलीबंद पेयाचे प्याले उंचावतात. दारू नाही, यू-हू. मालिकेची प्रकृती एवढ्यावरूनच कळावी.

ऑलिव्हर झालेल्या एरिक मेबियसचा चेहरा आपल्याकडच्या काहींनी आधी पाहिलेला असेल. ‘अग्ली बेटी’मधला बेटीचा साहेब तो हाच. ती मालिका ज्या कोलंबियन मालिकेवरून बेतली होती, तिच्यावरूनच आपली ‘जस्सी जैसी कोई नहीं’ निघाली. तेव्हा नात्याने हा अमेरिकेतला अरमान सुरीच म्हणायचा.

अशी गोष्ट हॉलमार्कच्याच दारात का उगवली, हे बघायला शंभर वर्षं मागे जावं लागतं. जॉइस हॉल (नाव बाईचं वाटलं तरी हा पुरुष) १९१० साली अठराव्या वर्षी कॅन्सस सिटीत आला तो बुटांच्या खोक्यांत चित्रांची पोस्टकार्डं भरून. ती दुकानदारांना विकत त्याने बस्तान बसवलं. १९१५ मध्ये आग लागून सगळा माल जळाला, डोक्यावर कर्ज झालं, तेव्हा भावांनी छापखाना घेऊन कार्डं स्वतःच छापायला सुरुवात केली. हॉलमार्क हा जगातल्या शुभेच्छापत्रांचा बडा व्यापार इथून सुरू झाला. २४ डिसेंबर १९५१ च्या रात्री या कंपनीने एनबीसीवर एक ऑपेरा पुरस्कृत केला. खास दूरचित्रवाणीसाठी लिहून घेतलेला तो पहिला ऑपेरा, आणि त्यातूनच ‘हॉलमार्क हॉल ऑफ फेम’ ही अनेक दशकं चाललेली परंपरा सुरू झाली. सुसंस्कृत, घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावं, डोळे पुसावेत आणि उद्या कुणाला तरी कार्ड पाठवावंसं वाटावं, असा तो हिशेब. हिशेब म्हटलं म्हणून त्यातली माया खोटी ठरत नाही. पण हिशेब होता.

कंपनीची स्वतःची वाहिनी मात्र बऱ्याच उशिरा आली. धार्मिक कार्यक्रमांच्या ‘ओडिसी’ या जुन्या वाहिनीचं नाव बदलून २००१ च्या ऑगस्टमध्ये हॉलमार्क चॅनल सुरू झालं. आणि नेमकं हेच वर्ष अमेरिकेतल्या पत्रांच्या टपालाच्या शिखराचं ठरलं. त्या वर्षी तिथे पहिल्या वर्गाचं टपाल, म्हणजे मुख्यतः पत्रं आणि बिलं, दहा हजार कोटींच्या वर गेलं होतं. पुढे ते घसरतच गेलं. ऑलिव्हर पडद्यावर आला तेव्हा पत्र लिहिणारा माणूस हीच दुर्मीळ वस्तू झाली होती. आपल्याकडेही त्याच वर्षी, जुलै २०१३ मध्ये, तार बंद झाली. शेवटच्या दिवशी तार करायला लोकांनी रांगा लावल्या होत्या. त्यातल्या कितीतरी जणांची ती पहिलीच तार होती! गेल्यावर किंमत कळणं हा मनुष्यस्वभाव, आणि ही मालिका त्याच्यावरच उभी आहे.

ती रचली मार्था विल्यमसन यांनी. ‘टच्ड बाय अ‍ॅन एंजल’ ही सीबीएसवर १९९४ ते २००३ अशी नऊ पर्वं चाललेली मालिका त्यांच्याच हाताखाली मोठी झाली होती. तिच्यात देवदूत माणसांच्या अडचणीत धावून येत. इथे देवदूतांचे पंख काढून त्यांना सरकारी नोकरी दिली, एवढाच फरक. पत्र उशिरा पोहोचलं ते देवाच्या मनात तसंच होतं म्हणून, हा ऑलिव्हरचा विश्वास उघड आहे. काहींना तो गोडमिट्ट वाटतो. मलाही कधी कधी वाटतो.

खऱ्या डेड लेटर ऑफिसचा इतिहास मात्र पटकथेपेक्षा सुरस आहे. अमेरिकेत हे खातं १८२५ पासूनचं. बंद पाकीट फोडण्याचा अधिकार फक्त त्यालाच. पाकिटांत पैसे निघत, म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे निवृत्त पाद्री आणि स्त्रिया नेमत. दोघंही प्रामाणिक ही त्या काळची समजूत. पॅटी लायल कॉलिन्स ही त्यांतली दंतकथा झालेली बाई. मोडके पत्ते वाचणं हे तिचं काम. एका पाकिटावर बाईचं नाव, आडनाव मार्बरी आणि खाली नुसतं ‘स्टॉक’. मार्बरी आडनावाची माणसं मॅसॅच्युसेट्सच्या स्टॉकब्रिजमध्ये बरीच आहेत हे तिला ठाऊक होतं, आणि तिने पत्र तिकडे धाडलं. पटकथेतली रिटा हिच्यापुढे फिकीच. याच कचेरीची दुसरी बाजू हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाने १८५३ साली एका कथेत दाखवली होती. त्याचा बार्टल्बी हा खचलेला कारकून आधी मृत पत्रांच्या कचेरीत होता, अशी कथेच्या शेवटी कुजबुज येते. माफी, आशा, अंगठी, सगळं उशिरा आलेलं आणि शेवटी जाळून टाकलेलं. तेच टेबल, तीच पाकिटं. मेलव्हिलला तिथे राख दिसली, विल्यमसनबाईंना दुसरी संधी.

आज त्या खात्याचं नाव मेल रिकव्हरी सेंटर. ते अटलांटात आहे, डेन्व्हरमध्ये नाही. एका पत्रासाठी तिथे चौघं गाडी काढून गावोगाव हिंडत नाहीत. पाकिटात मौल्यवान काही नसलं आणि पत्ताही सापडला नाही, तर पत्र नष्ट होतं.

आपल्याकडचं याचं भावंड म्हणजे रिटर्न्ड लेटर ऑफिस, टपालवाल्यांच्या तोंडी ‘आरएलओ’. पाठवणाराही सापडेना आणि घेणाराही, की पाकीट तिकडे. नुसतं ‘मु. पो. वडगाव, जि. पुणे’ लिहिलं तर पोस्टमनने मावळातलं समजायचं, शेरी, की बुद्रुक? हा घोळ देशभरचा होता. तो निस्तरायला १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला, आणि त्याचे जनक होते श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. कवीने सहा आकड्यांची कल्पना काढावी आणि त्यामुळे लाखो पत्रं घरी पोहोचावीत, हे ऑलिव्हरला फार आवडलं असतं.

२०१३ च्या चित्रपटानंतर एप्रिल २०१४ पासून दहा भागांची मालिका आली आणि जूनमध्ये संपली. पुढचं पर्व निघालं नाही. आपल्याकडे अशा वेळी मालिका ‘प्रेक्षकांचा निरोप घेते’ आणि नायिका दुसऱ्या वाहिनीवर दिसू लागते. इथे वेगळंच झालं. हॉलमार्कने त्याच एप्रिलमध्ये आपल्या चित्रपट-वाहिनीला ‘हॉलमार्क मूव्हीज अँड मिस्टरीज’ असं नवं नाव दिलं होतं, आणि तिला जाहिराती धरून दोन तास भरतील अशा कथा हव्या होत्या. खून नसला तरी हरवलेल्या पत्राचा माग हेही रहस्यच. नाताळच्या तोंडावर, नोव्हेंबर २०१४ मध्ये या वाहिनीवरचा पहिला चित्रपट आला आणि २०१८ पर्यंत त्यांची संख्या दहाच्या पुढे गेली.

या बदलाने प्रेमकथेची चालच बदलली. हॉलमार्कचा नेहमीचा नाताळपट ठरलेल्या वळणांचा. शहरातली मुलगी गावात येते, बर्फ पडतो, शेवटच्या पाच मिनिटांत चुंबन, समाप्त. इथे तसं करून चाललं नसतं. शेवट केला की पुढचा चित्रपट कशाचा? शिवाय ऑलिव्हर विवाहित. बायको हॉली पॅरिसला निघून गेलेली, पण कागदोपत्री लग्न शाबूत, आणि हा गृहस्थ नियमाचा इतका पक्का की शेनकडे बघतानासुद्धा ओशाळतो. २०१५ मधल्या चित्रपटात हॉली परत येते आणि या लग्नाचा निकाल लागतो तेव्हा कुठे वाट मोकळी होते. तिथूनही घाई नाहीच. दर चित्रपटात पत्राचं कोडं सुटायचं आणि या दोघांचं इंचभर पुढे सरकायचं. नॉर्मन-रिटाचं लग्न आधी लागलं. ऑलिव्हर आणि शेनच्या लग्नाचा चित्रपट आला २०२१ साली, ओळख झाल्यावर आठ वर्षांनी आणि आधीच्या चित्रपटानंतर तीन वर्षांनी.

एवढं थांबायला तयार असलेले प्रेक्षक स्वतःला ‘पोस्टेबल्स’ म्हणवतात. हे नाव त्यांनी शोधलेलं नाही. कथेतल्या चौघांच्या चमूचंच ते टोपणनाव, पोस्ट ऑफिसवरून घेतलेलं. पाहणाऱ्यांनी ते अंगावर घेतलं आणि कचेरीतली पाचवी खुर्ची आपली समजून तिथे बसले. हॉलमार्कच्याच ‘व्हेन कॉल्स द हार्ट’चे ‘हार्टीज’ संख्येने जास्त, पण पोस्टेबल्सचा चिवटपणा वेगळा. चित्रपट लागला की सगळ्यांनी एकाच वेळी बघायचा, समाजमाध्यमांवर संवादासंवादाला दाद द्यायची, आणि मधल्या कोरड्या वर्षांत वाहिनीकडे नव्याची मागणी लावून धरायची. या मंडळींना भोळं म्हणणं सोपं आहे. पण ज्या मालिकेत दहा-दहा वर्षांनी पोहोचलेलं पत्रसुद्धा कुणाचं तरी आयुष्य सावरतं, तिच्या प्रेक्षकाला तीन वर्षांच्या खंडाचं काय वाटणार? धीर धरायला मालिकेनेच शिकवलं होतं.

लग्न झालं, आता पडदा, असं २०२१ मध्ये वाटलं होतं. पुन्हा तीन वर्षं गेली. २०२४ मध्ये मूव्हीज अँड मिस्टरीजचं नाव बदलून ‘हॉलमार्क मिस्टरी’ झालं, आणि त्याच वर्षी ऑलिव्हर, शेन, रिटा, नॉर्मन परत आले, तीन पत्रांची गोष्ट घेऊन. वाहिनीचा पत्ता बदलला होता. पोस्टेबल्सनी तो बरोबर शोधून काढला.